परीक्षेचा ताण : दहावी-बारावीच्या लेकरांनी आणि घरच्यांनी काय करावं, मदत कुठे मिळते

फेब्रुवारी लागला की आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी या तालुक्यांतल्या वाड्या-तांड्यांवर दोन गोष्टी एकाच वेळी चालू असतात. आई-बाप पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात ऊसतोडीच्या फडावर असतात. घरी आजी-आजोबांजवळ राहिलेलं लेकरू बोर्डाच्या पेपरची तयारी करत असतं. कारखान्यांचा पट्टा पडायला बऱ्याचदा मार्च उजाडतो, आणि बारावी-दहावीचे पेपर फेब्रुवारी-मार्चमध्येच असतात. त्यामुळे वर्षातला सगळ्यात जास्त धास्तीचा महिना अनेक पोरं आई-बापाविना काढतात. शिवाय त्यांना हेही माहीत असतं की घेतलेली उचल फेडायला घरचे थंडीत कोयता चालवत आहेत, आणि 'तू शिक, म्हणजे हा कोयता सुटंल' हे वाक्य त्यांनी लहानपणापासून ऐकलेलं असतं.

शहरातल्या मुलांसाठी लिहिलेले 'ताणमुक्त परीक्षेचे मंत्र' इथं फारसे लागू पडत नाहीत. स्वतंत्र खोली नसते, क्लास नसतो, लाईटचा भरवसा नसतो. तरीही करण्यासारखं बरंच काही असतं आणि त्यातल्या बहुतेक गोष्टींना पैसा लागत नाही.

ताण येतो म्हणजे काय होतं?

पेपरच्या आदल्या रात्री छातीत धडधड, तळहाताला घाम, पोटात गोळा, वारंवार लघवीला जावंसं वाटणं, वाचलेलं डोक्यात न शिरणं, हे बहुतेकांना होतं. हा आजार नव्हे. समोर संकट आहे असं मेंदूला वाटलं की शरीरात अॅड्रेनलिन आणि कॉर्टिसॉल ही संप्रेरकं वाढतात, हृदय जोरात चालतं आणि पचन मंदावतं. साप दिसल्यावर पळायला जी यंत्रणा कामी येते, तीच गणिताच्या पेपरला चालू होते. तिला साप आणि पेपर यांतला फरक कळत नाही, इतकंच.

थोडा ताण कामाचाच असतो. अजिबात ताण नसलेला पोरगा जानेवारीतही वही उघडत नाही. थोडी धास्ती कामाला लावते, पण ती एका मर्यादेपलीकडे गेली की पाठ असलेलंही आठवत नाही. यर्क्स आणि डॉडसन या संशोधकांनी १९०८ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांतून याच अंगाची मांडणी केली होती. म्हणून 'टेन्शन घेऊ नको' हा घरोघरी दिला जाणारा सल्ला निरुपयोगी आहे. टेन्शन कुणी ठरवून घेत नसतं. ते हाताबाहेर जाऊ नये एवढंच बघायचं.

त्याला सगळ्यात सोपा उपाय श्वासाचा. नाकानं चार अंक मोजत श्वास आत घ्यायचा आणि सहा अंक मोजत सावकाश बाहेर सोडायचा, असं तीन-चार मिनिटं. लांब उच्छ्वासानं हृदयाची गती खाली येते. फक्त हे पहिल्यांदा परीक्षा हॉलमध्ये करून बघू नये. आठ-पंधरा दिवस आधीपासून रोज झोपताना सवय केली तरच वेळेवर जमतं.

झोप मोडून अभ्यास : तोट्याचा धंदा

गावाकडं रात्रभर जागून अभ्यास करणाऱ्या पोराचं कौतुक होतं. 'रात्री दोनपर्यंत लाईट चालू असती त्याची' हे अभिमानानं सांगितलं जातं. पण दिवसा वाचलेलं पक्कं होण्याचं बरंचसं काम झोपेत होतं. या वयात रोज आठ ते दहा तास झोप लागते असं झोपेचे तज्ज्ञ सांगतात. परीक्षेच्या काळात दहा तास कुणाला मिळणार नाहीत हे उघड आहे, पण सात तासांच्या खाली जाऊ नये. पहाटे उठून अभ्यास करणाऱ्यानं रात्री साडेनऊ-दहाला झोपलंच पाहिजे. रात्री बारापर्यंत मोबाईल, पहाटे चारला गजर आणि दिवसभर चहा, असं आठवडाभर चाललं की पेपरच्या वेळी डोकं जड होणारच.

चहाचं प्रमाणही बघायला हवं. संध्याकाळी सहानंतर घेतलेला कडक चहा अनेकांची झोप उडवतो. तालुक्याच्या ठिकाणी थंड पेयांच्या दुकानात मिळणारी एनर्जी ड्रिंक्स तर घेऊच नयेत. त्यांत साखर आणि कॅफिन दोन्ही भरपूर असतं, आणि उतरल्यावर आधीपेक्षा जास्त गळून गेल्यासारखं होतं.

वाचणं कमी, आठवणं जास्त

ताणाचं मोठं कारण 'एवढं वाचलं तरी काही लक्षात राहीना' हे असतं. बहुतेक वेळा दोष बुद्धीचा नसून पद्धतीचा असतो. तोच धडा पाच वेळा वाचला की ओळखीचा वाटू लागतो, आणि ओळखीचं वाटणं म्हणजे येणं असा गैरसमज होतो. पेपरात पुस्तक समोर नसतं. तिथं आठवावं लागतं. मग सराव आठवण्याचाच हवा.

धडा एकदा नीट वाचायचा, पुस्तक मिटायचं आणि कोऱ्या पानावर जे आठवेल ते लिहायचं. मग पुस्तक उघडून काय राहिलं ते बघायचं. दुसऱ्या दिवशी तेच, चार दिवसांनी पुन्हा तेच. रोडिगर आणि कार्पिकी या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगात असं दिसलं की, पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, पण आठवडाभरानं न बघता आठवून लिहिणाऱ्यांच्या जास्त लक्षात होतं. बोर्डाचा पेपर पाच मिनिटांनी नसतो.

या पद्धतीला गाईड लागत नाही. जुन्या वह्यांची कोरी पानं, पाटी, अंगणातली फरशी आणि खडू, काहीही चालतं. आजीला लिहिता-वाचता येत नसलं तरी ती हातात पुस्तक धरून 'सांग बरं काय वाचलंस' असं विचारू शकते. समजावून सांगताना कुठं अडतंय ते सांगणाऱ्याला लगेच कळतं.

शेवटच्या आठ दिवसांत नवा धडा उघडू नये, हा जुन्या शिक्षकांचा सल्ला बरोबर आहे. अपवाद फक्त एकच. ज्याचं जवळपास सगळंच राहिलंय त्यानं मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका घेऊन जे वारंवार येतं आणि सोपं आहे ते आधी धरावं. उत्तीर्ण व्हायला लागणारे ३५ गुण सगळं पुस्तक पाठ नसलं तरी मिळतात. दहावीत सहा विषय मिळून ६०० गुणांची परीक्षा असते, पण टक्केवारी सर्वाधिक गुणांच्या पाच विषयांवरून काढली जाते. एक विषय कच्चा आहे म्हणून सगळं संपलं असं समजणाऱ्या पोराला ही साधी गोष्ट अनेकदा कुणी सांगितलेलीच नसते.

घर, शेत आणि डीजे

फेब्रुवारी-मार्चमध्ये हरभरा, ज्वारी, गहू काढणीला येतो. कांद्याचीही गडबड असते. घरातलं शिकतं पोरगं त्यातून पूर्ण सुटत नाही, आणि पूर्ण सुटावं असंही नाही. सकाळी तासभर हात-पाय हलवणं, गुरांना पाणी दाखवणं, शेतापर्यंत चालून येणं यानं डोकं हलकं होतं. पण पेपरच्या आदल्या दिवशी आणि पेपर सुटल्यावर लगेच कामाला जुंपू नये. सगळ्यात जास्त अन्याय मुलींवर होतो. मुलगा अभ्यासाला बसला तर त्याला चहा मिळतो, मुलगी बसली तर 'आधी भाकरी टाक, मग बस' असं होतं. आई फडावर असेल तर धाकट्या भावंडांचं, म्हाताऱ्यांचं आणि पाण्याचं सगळं ओझं तिच्याच डोक्यावर येतं. महिनाभर शेजारच्या काकू-मावशीनं एक वेळचा स्वयंपाक वाटून घेतला, तर त्या मुलीला दिवसाचे दोन तास मिळतात. पाहुण्यांनी वर्षभर केलेल्या उपदेशापेक्षा या मदतीची किंमत जास्त आहे.

याच दिवसांत जत्रा, उरूस, हळदी आणि वराती असतात. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर लाऊडस्पीकर लावायला ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार मनाई आहे. सरकार वर्षातल्या मोजक्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं, ती वगळता. डीजे थांबत नसेल तर ११२ वर कळवता येतं. अर्थात भावकीतल्या लग्नाची तक्रार कोण करणार, हा प्रश्न उरतोच. त्यामुळे ग्रामपंचायतीनं परीक्षेपुरतं आधीच ठरवून दहाला आवाज बंद करायला लावणं जास्त व्यवहार्य. काही ठिकाणी शाळेचा एखादा वर्ग किंवा समाजमंदिर संध्याकाळी अभ्यासासाठी उघडं ठेवतात. एकच बल्ब असलेल्या घरातल्या पोराला याचा मोठा आधार होतो.

फडावरून येणारा फोन

आई-बापाचा रात्रीचा फोन बहुतेक वेळा दोन प्रश्नांचा असतो : जेवलास का आणि अभ्यास झाला का. दुसऱ्या प्रश्नाला 'झाला' याशिवाय उत्तर नसतं. त्याऐवजी 'आज काय वाचलं, ते मला सांग' असं म्हटलं तर बोलणं पुढं जातं. 'तुझ्यासाठीच राबतोय' हे खरं असलं तरी पेपरच्या आठवड्यात ते बोलू नये. पोराला ते माहीतच असतं, आणि त्याचंच तर ओझं त्याला झालेलं असतं. मुकादमाचा तगादा, गाडीचं दुखणं, पैशाची अडचण हेही त्या आठ-पंधरा दिवसांत फोनवर नको. तुलना तर मुळीच नको. चुलत भावाला नव्वद टक्के पडले हे ऐकून कुणाची प्रमेयं पाठ होत नाहीत.

दोघांपैकी एकाला पेपरपुरतं घरी येता आलं तर फार बरं. ते प्रत्येकाला परवडत नाही. निदान पहिल्या पेपरच्या आदल्या रात्री निवांत बोलायची वेळ काढावी.

ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना आहे. चालू वर्षासाठी उशीर झाला असला तरी पुढच्या वर्षी दहावी-बारावीला जाणाऱ्यांनी समाजकल्याण कार्यालयात जूनआधीच चौकशी करून ठेवावी.

पेपरचा दिवस

अर्धी धास्ती पेपरची नसून पोहोचण्याची असते. परीक्षा केंद्र पाच-दहा किलोमीटरवर दुसऱ्या गावात, एसटी सकाळची एकच आणि तीही कधी चुकते. सकाळच्या सत्राचा पेपर ११ वाजता असला तरी साडेदहाला वर्गात बसावं लागतं. दुपारचा ३ वाजता असेल तर अडीचला. पहिल्या पेपरच्या एक-दोन दिवस आधी केंद्रावर जाऊन बैठक व्यवस्था कुठं लागते, वेळ किती लागतो हे बघून यावं. एकाच गावच्या चार-पाच पोरांनी मिळून रिक्षा किंवा जीप ठरवून ठेवली तर सकाळची धावपळ टळते. एसटीचा पास शाळेच्या मार्गाचा असतो. केंद्र वेगळ्या मार्गावर असेल तर पास चालेल का, हे आगारात आधीच विचारावं.

हॉल तिकीट शाळेतून छापील मिळतं आणि त्यासाठी वेगळे पैसे घ्यायचे नाहीत, अशी मंडळाची सूचना असते. ते हरवलं तर रडत बसायचं कारण नाही. शाळा पुन्हा प्रिंट काढून त्यावर 'द्वितीय प्रत' असा शेरा मारून देते. तरी एक झेरॉक्स घरी ठेवावी.

सकाळी उपाशी जाऊ नये आणि तट्ट जेवूनही जाऊ नये. भाकरी-भाजी, वरण-भात, पोहे, जे नेहमी पोटाला मानवतं तेच खावं. नवस म्हणून कडक उपास पेपरच्या दिवशी धरू नये. मार्चच्या उन्हात पाण्याची बाटली लागतेच. स्टँडवरचा वडापाव पेपर संपेपर्यंत टाळलेला बरा.

प्रश्नपत्रिका हातात आली आणि सगळं कोरं वाटलं, असं हुशार पोरांचंही होतं. तेव्हा पेन खाली ठेवून पाय जमिनीला टेकवावेत, वर सांगितल्याप्रमाणे पाच-सहा श्वास घ्यावेत आणि सगळ्यात सोपा वाटेल तो प्रश्न आधी सोडवावा. एक उत्तर लिहून झालं की बाकीचं आठवू लागतं. २०२३ पासून मंडळ पेपरच्या शेवटी दहा मिनिटं वाढवून देतं, ती राहिलेल्या प्रश्नांसाठी वापरावीत. दिव्यांग आणि अध्ययन अक्षमता असलेल्या विद्यार्थ्यांना जादा वेळ आणि गरजेनुसार लेखनिक अशा सवलती असतात, पण प्रमाणपत्र आणि अर्ज शाळेमार्फत आधीच जावा लागतो.

आणखी एक उपाय संशोधनात उपयोगी दिसला आहे. रामिरेझ आणि बायलॉक यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, परीक्षेच्या आधी दहा मिनिटं मनातली भीती कागदावर लिहून काढणाऱ्या, एरवी खूप घाबरणाऱ्या मुलांना जास्त गुण मिळाले. घरून निघण्याआधी एका कागदावर 'मला कशाची भीती वाटतेय' हे लिहून तो फाडून टाकावा. केंद्रावर मात्र असा कोणताही कागद खिशात नको. कॉपीमुक्त अभियानात तपासणी कडक असते, आणि निरुपद्रवी चिठ्ठीवरूनही नको तो प्रसंग ओढवतो.

कॉपीचंही इथंच सांगायला हवं. 'केंद्रावर सोय होईल' या भरवशावर अभ्यास सोडलेल्या पोराची धास्ती पेपरच्या दिवशी सगळ्यात जास्त असते. परीक्षेतल्या गैरप्रकारांविरुद्ध राज्यात १९८२ पासून कायदा आहे. मोबाईलवर फिरणारे 'पेपर फुटला' असे मेसेज तर बघूही नयेत. आदल्या रात्रीची झोप आणि उजळणी दोन्ही त्यात जातं.

पेपर सुटल्यावर गेटवर उभं राहून उत्तरं जुळवण्यात काही मिळत नाही. गेलेला पेपर दुरुस्त होत नाही, पुढचा मात्र बिघडतो. घरच्यांनीही दारातच 'किती पडतील?' असं विचारू नये.

नापास झालं तर खरंच काय होतं?

ही भीती मनात अंधारात वाढते, कारण पुढं काय हे कुणी स्पष्ट सांगत नाही. एक-दोन विषय राहिले तर दहावीच्या विद्यार्थ्याला एटीकेटी सवलतीतून अकरावीला प्रवेश मिळू शकतो. २०१५ पासून निकालानंतर काही आठवड्यांतच पुरवणी परीक्षा होते, त्यामुळे वर्ष वाया जाईलच असं नाही. गुण कमी पडले असं वाटलं तर गुणपडताळणी, उत्तरपत्रिकेची छायाप्रत आणि पुनर्मूल्यांकन यांसाठी मुदतीत ऑनलाईन अर्ज करता येतो. उत्तीर्ण होऊनही टक्के कमी असतील तर श्रेणीसुधार योजनेत पुन्हा बसता येतं. आजारपणात तोंडी-प्रात्यक्षिक परीक्षा हुकली तर 'आऊट ऑफ टर्न' परीक्षेबद्दल मुख्याध्यापकांना लगेच भेटावं. आयटीआयमध्ये दहावी अनुत्तीर्णांना प्रवेश असलेले व्यवसाय अभ्यासक्रमही आहेत.

मुलींच्या बाबतीत नापास होण्याची भीती वेगळीच असते. 'यंदा निघाली नाही तर उजवून टाकू' हे घरात सहज बोललं जातं आणि काही घरांत ते खरंही होतं. सोळा-सतरा वर्षांच्या मुलीसाठी तो पेपर मग केवळ पेपर राहत नाही. १८ वर्षांखालील मुलीचं लग्न लावणं हा बालविवाह प्रतिबंध अधिनियम, २००६ नुसार गुन्हा आहे. अशी तयारी दिसत असेल तर मुलगी स्वतः, मैत्रीण, शिक्षक किंवा शेजारी कुणीही १०९८ या चाइल्डलाइनवर फोन करू शकतात. फोन मोफत आहे आणि चोवीस तास लागतो. गावात ग्रामसेवकाकडे आणि अंगणवाडी सेविकेकडेही सांगता येतं.

ही लक्षणं दिसली तर वाट बघू नये

नेहमीची धास्ती पेपर संपले की ओसरते. पण दोन आठवडे झोप नाही, जेवण तुटलं, आवडीच्या गोष्टीत मन नाही, सतत रडू किंवा चिडचिड, घरच्यांशी बोलणं बंद, आपल्या वस्तू दुसऱ्यांना देऊन टाकणं, 'मी नसलो तरी कुणाचं काय अडतंय' अशी भाषा, यातलं काही दिसलं तर 'नाटक करतंय' म्हणून सोडून देऊ नये. जवळ बसून सरळ विचारावं : जगू नये असं वाटतंय का? असं विचारल्यानं डोक्यात नसलेला विचार येतो ही समजूत चुकीची आहे. विचारल्यानं बोलायला वाट मिळते. उत्तर 'हो' आलं तर ओरडू नये, देवाधर्माच्या शपथा घालू नयेत. ऐकून घ्यावं आणि मदत मिळेपर्यंत लेकराला एकटं सोडू नये. फवारणीची औषधं घरात उघड्यावर ठेवायची सवय अनेक ठिकाणी आहे. ती कायमच कुलपात असावीत आणि किल्ली मोठ्या माणसाकडे. परीक्षेच्या आणि निकालाच्या दिवसांत तर नक्कीच.

बोलण्यासाठी टेली-मानस या सरकारी सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. ती ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं. साध्या बटणाच्या फोनवरूनही हा क्रमांक लागतो. परीक्षेच्या काळात मंडळ दरवर्षी समुपदेशकांचे क्रमांक जाहीर करतं. ते शाळेच्या फलकावर लावलेले नसतील तर मुख्याध्यापकांकडे मागावेत. १० ते १९ वयाच्या मुला-मुलींसाठी सरकारी रुग्णालयांत 'मैत्री क्लिनिक' असतं. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाबद्दल बीडच्या जिल्हा रुग्णालयात विचारावं. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातही मानसोपचाराची सोय आहे. एकट्यानं जायचा संकोच वाटत असेल तर आशा ताईला सोबत घ्यावं. जिवाला धोका वाटण्यासारखी वेळ असेल तर आधी १०८ ची रुग्णवाहिका बोलवावी.

निकालाचा दिवस परीक्षेइतकाच नाजूक असतो. तो बहुधा मे महिन्यात किंवा जूनच्या सुरुवातीला येतो. तोवर फडावरची माणसं परतलेली असतात. निकाल दुपारी ऑनलाईन लागतो आणि पोरं तो कुठंतरी नेट कॅफेत किंवा मित्राच्या मोबाईलवर एकटीच बघतात. त्या दिवशी दुपारी घरातल्या एका मोठ्या माणसानं कामावर न जाता लेकराजवळ थांबावं.